बॉलिंग लीगचा एक सीझन : काटोल तालुक्यातल्या मध्यम खेळाडूचं मत

आधी निकाल सांगून टाकतो, कारणं मागून. दर आठवड्याला नागपूरला जाऊन टेनपिन बॉलिंगची हौशी लीग खेळणं परवडतं का, असं मला गावात आणि गावाबाहेरही आता बरेच जण विचारतात. तुमचा खेळ मध्यम असेल तर बिनधास्त नाव टाका. खेळ फार चांगला असेल तर ही लीग मिळमिळीत वाटेल. आणि नुसते स्ट्राइक (पहिल्याच बॉलवर दहाही पिन) मारून नाचायचं असेल, तर कधीमधी मॉलमध्ये एखादा गेम पैसे देऊन खेळलेला बरा.

मध्यम म्हणजे किती? नाव टाकलं तेव्हा माझी एका गेमची सरासरी ११८ होती. बॉलिंगमध्ये एका गेमचे जास्तीत जास्त ३०० होतात, त्याला सलग बारा स्ट्राइक लागतात. म्हणजे मी कुठं होतो ते कळलं असेल. आमच्या टीममध्ये चौघं. मी संत्रावाला. जिल्हा परिषद शाळेचे एक मास्तर, त्यांची १०४. कृषी केंद्र चालवणारा माझा मित्र, त्याची १२६. आणि मास्तरांचा भाचा, जो कळमेश्वरच्या एमआयडीसीत कामाला आहे आणि जाताना रस्त्यातच गाडीत बसतो. हा पठ्ठ्या पुण्यात असताना खेळलेला, त्याची १६५. घरी बाबांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "साठ किलोमीटर जाऊन गोटा लोटाचा, अन् वरून पैसे बी द्याचे? आपल्या वावरात गोटे कमी हायेत का?"

आता हँडिकॅप. मध्यम माणसानं लीगमध्ये यावं की नाही हे सगळं याच्यावर आहे, म्हणून जरा हिशेब मांडतो. आमच्या लीगमध्ये २०० हा आकडा धरलाय. त्यातून तुमची सरासरी वजा करायची आणि जे उरेल त्याचे ९० टक्के पिन दर गेमला तुम्हाला फुकट. अपूर्णांक सोडून द्यायचा. माझे २०० वजा ११८ म्हणजे ८२, त्याचे ७३. भाच्याला मिळतात ३१. आता मी १३० केले आणि त्यानं १७० केले, तर माझे होतात २०३ आणि त्याचे २०१. भाच्याला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा तो गाडीत कळमेश्वर येईपर्यंत बोलला नाही.

पण ही खैरात नाही, हे खेळल्यावरच कळतं. सीझनच्या सुरुवातीला आमची गाठ पडली एका बँकेतल्या चार बायकांच्या टीमशी. प्रत्येकीची सरासरी ९५ च्या आसपास. आमची चौघांची बेरीज ५१३, त्यांची ३८०. १३३ पिनांचा फरक. हँडिकॅप धरल्यावर आमचे होतात ७६९ आणि त्यांचे ७५६, म्हणजे फरक उरला तेरा. १०० टक्के हँडिकॅप असता तर तोही उरला नसता; ९० टक्क्यांत चांगल्या टीमला जेमतेम एवढी सवलत राहते. तेरा पिन म्हणजे एका माणसाचा एक वाईट फ्रेम (फ्रेम म्हणजे दोन बॉलची एक पाळी, गेममध्ये अशा दहा). त्या बायका शांतपणे आपल्या सरासरीपेक्षा दहा-दहा जास्त मारून गेल्या, आणि आम्ही स्ट्राइकच्या नादात कोपऱ्यातल्या पिना सोडत राहिलो. तिन्ही गेम त्यांचे. लीगमध्ये जिंकायचं ते दुसऱ्याच्या स्कोअरला नाही, स्वतःच्या सरासरीला. मध्यम खेळाडूला हेच सोयीचं आहे, कारण त्याला वर जायला जागा असते. १९० वाल्याला ती कुठून आणायची?

आता स्पेअरबद्दल, कारण माझा अख्खा सीझन यातच गेला. समजा तुम्ही प्रत्येक फ्रेमला पहिल्या बॉलवर नऊ पाडले आणि दुसऱ्या बॉलवर उरलेला एक सोडला. दहा फ्रेमचे होतात ९०. आता तोच एक पिन दर वेळी पाडला, म्हणजे सगळे स्पेअर. स्पेअरला दहा अधिक पुढच्या बॉलचे पिन मिळतात, म्हणजे प्रत्येक फ्रेम १९ चा. एकही स्ट्राइक न मारता १९०! मास्तरांनी हे मला मोबाइलच्या मागं ठेवलेल्या पावतीवर लिहून दाखवलं, आणि त्या दिवसापासून आमच्या टीमचा स्वभाव बदलला. कोणी स्ट्राइक मारला तर टाळी, पण दहा नंबरचा पिन उडवला तर आरडाओरडा.

दहा नंबरचा पिन म्हणजे उजव्या कोपऱ्यातला शेवटचा. उजव्या हातानं खेळणाऱ्याचा हा वैरी. त्याच्या उजवीकडं लगेच गटर, चुकलात की बॉल खाली. भाच्यानं शिकवलं ते असं : उभं राहायचं पार डावीकडं, बॉल तिरका लेन (बॉल टाकायचा लांब पट्टा) ओलांडून न्यायचा आणि पिनाकडं बघायचंच नाही. लेनवर फाउल लाइनपासून (जिच्या पुढं पाय टाकायचा नाही ती रेघ) पंधरा फुटांच्या आसपास बाणांच्या खुणा असतात, नजर तिथं. फाउल लाइनपासून पहिल्या पिनापर्यंत साठ फूट. लेन उभ्या पट्ट्यांची असते; बाणापाशी तुम्ही एक पट्टी चुकलात, तर पिनापर्यंत पोचता पोचता चार पट्ट्या चुकलेले असता, आणि पट्टी इंचाच्या जरा वर रुंद असते. साठ फुटांवरच्या पिनाकडं टक लावून ही चूक धरता येत नाही, पंधरा फुटांवर येते. सीझन संपताना माझी सरासरी १३१ वर आली, आणि माझ्या अंदाजानं त्यातली बहुतेक वाढ याच एका सवयीची आहे. स्ट्राइक पूर्वी जेवढे व्हायचे तेवढेच होतात.

तेलाची गोष्ट नव्या माणसाला माहीत नसते. लेन कोरडी नसते. फाउल लाइनपासून साधारण चाळीस फुटांपर्यंत तेल असतं, मध्ये जास्त आणि कडेला कमी, शेवटचा तुकडा कोरडा. फिरकी देणाऱ्याचा बॉल तेलावर सरळ घसरत जातो आणि कोरड्यावर वळतो. बॉलिंग सेंटरचे प्लास्टिकचे बॉल फारसे वळत नाहीत, म्हणून आमच्यासारख्यांना स्पेअरला तेच उत्तम. माझी तक्रार एकच, पण मोठी : आमच्या सेंटरनं पुष्कळदा लीगच्या आधी तेल टाकलंच नाही. दिवसभर पोरासोरांच्या वाढदिवसाच्या पार्ट्या होऊन गेलेल्या, तेल कुठं पुसलेलं, कुठं बॉलबरोबर पुढं ओढलेलं. भाच्याचा बॉल एका लेनवर वळायचा आणि शेजारच्या लेनवर ढिम्म. पैसे लीगचे घ्यायचे आणि लेन उरलीसुरली द्यायची, हे बरोबर नाही. मला सरळ बॉल टाकणाऱ्याला फार फरक पडला नाही, पण वळवणारे वैतागले.

बॉलच्या वजनाची कोणी धास्ती घेऊ नये. जास्तीत जास्त सोळा पौंडांचा बॉल चालतो, मी बारा पौंडांचा घेतो, साधारण साडेपाच किलो. पाठीवर सोळा लिटरचा पंप घेऊन फवारणी करणाऱ्याला हे काहीच नाही. त्रास होतो अंगठ्याचा. संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड चालू असली की आमचे हात काट्यांनी ओरबाडलेले आणि कात्रीनं सुजलेले असतात. त्यात सेंटरच्या बॉलची भोकं कोणाच्याच मापाची नसतात. एसीत शिरल्यावर अंगठा थंडीनं आकसतो, बॉल हातातून लवकर निसटतो. दुसऱ्या गेमपर्यंत अंगठा फुगतो, मग बॉल सुटतच नाही आणि उशिरा सुटला की धाडकन लेनवर आदळतो. उपाय साधा आहे. अंगठ्याच्या भोकात आतून टेपचे दोन-तीन तुकडे एकावर एक चिकटवायचे आणि अंगठा फुगत जाईल तसा एकेक ओढून काढायचा. टेपची गुंडाळी खिशात ठेवा, शंभर वेळा उपयोगी पडेल.

बुटांचं थोडक्यात. भाड्याच्या बुटाचे दोन्ही तळवे घसरते असतात आणि पावसाळ्यात तळव्याला पाण्याचा थेंब जरी लागला तरी पाय जागीच अडकतो, माणूस तोंडावर. बाथरूमला ते बूट घालून जाऊ नका. मी शेवटी स्वतःचे घेतले; उजव्या हाताच्या खेळाडूला डावा घसरता आणि उजवा पकड धरणारा, असा जोड मिळतो. स्वतःचा बॉल घ्यायचा की नाही हा प्रश्न त्याच्या नंतरचा.

खर्च म्हणाल तर खेळापेक्षा रस्त्याचाच जास्त. लीगची फी तीन गेम आणि बूट धरून आठवड्याला सातशेच्या आसपास पडली, त्यातला काही भाग शेवटच्या बक्षिसांत जातो. पेट्रोल चौघांत वाटून घेतो. जाताना रेल्वे जमते, पण परत यायच्या वेळेला सोयीची गाडी नसते, म्हणून मास्तरांची कार. रात्री अकराला निघायचं, हिवाळ्यात धुकं, आणि काटोल रोडवर रानडुकरं कधी आडवी येतील नेम नाही. घरचे याच गोष्टीवर चिडतात, आणि त्यांचं बरोबर आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी ओलिताला लाइट असेल तर तुमची झोप गेली समजा.

तोडीच्या दिवसांत मी काही आठवडे गेलोच नाही. नियम असा की गैरहजर माणसाच्या सरासरीतून दहा वजा करून तो आकडा धरायचा, हँडिकॅप तसाच. म्हणजे मी नसताना टीमला माझे १०८ मिळायचे. मित्र मला फोनवर म्हणाला, "तू नाई आला तं बरं हाय बे, गटरमध्ये तरी जात नाईस." गंमत सोडा, पण शेतीवाल्यांना हा नियम फार उपयोगाचा आहे, एका खाड्यानं टीम बुडत नाही.

लीगमधली माणसं चांगली निघाली. शेजारच्या लेनवर कोणी बॉल टाकायला उभं असलं तर आपण थांबायचं, उजवीकडच्याला आधी जाऊ द्यायचं, हे कोणी न रागावता शिकवलं. मुद्दाम सरासरी पाडून जास्त हँडिकॅप लाटणारे एक-दोन जण असल्याची कुजबुज होती. सेक्रेटरीनं अशांच्या जुन्या सीझनच्या सरासऱ्या मागवल्या तेव्हा ती बंद झाली.

पुढच्या सीझनला नाव टाकलंय, १३१ वरून हँडिकॅप आता ६२ मिळणार. फेब्रुवारी-मार्चात मृग बहाराची तोड आली की माझ्या जागी मास्तरांचा मुलगा राखीव म्हणून खेळेल, तसं सेक्रेटरीला लिहून दिलंय. त्याची सरासरी अजून निघालेली नाही, म्हणून त्याच्या पहिल्या तीन गेमवरच हँडिकॅप ठरेल.