१०८ पीसचा गोटी सेट: वर्षभर घरी गाडी खोलून बघितल्यावर

मागच्या मे महिन्यात १०८ पीसचा गोटी सेट, म्हणजे नट-बोल्ट खोलायचा सॉकेट सेट, ऑनलाइन मागवला, तीन हजार सातशेला पडला. कंपनीचं नाव लिहित नाही, कारण असले डबे कितीतरी नावांनी मिळतात, तर हे एका कंपनीबद्दल नाही, या प्रकारच्या डब्याबद्दल आहे असं समजून वाचा. घेण्याआधी मी जेवढे रिव्ह्यू वाचले ते सगळे डबा उघडून फोटो टाकणारे होते, गाडीला लावून बघितलेलं कुणीच लिहिलं नव्हतं, म्हणून हे सविस्तर लिहायलोय.

गाडी २०१३ ची वॅगन आर, सेकंड हँड. मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, राहायला सेलूला. सर्व्हिसिंगला परभणीला न्यायचो, अख्खा दिवस जायचा, अन गाडी आत गेली की काय केलं काय नाही काहीच कळायचं नाही. आपली गाडी आपल्याला कळली पाहिजे असं लई दिवसांपासून मनात होतं, मेव्हण्यालाही नाद, तो म्हणला दाजी सेट घ्याच, आपण दोघं मिळून करू.

सोप्या कामांत सेट एकदम चांगला चालला. एअर फिल्टरला तर पानाच लागत नाही, नुस्त्या क्लिपा आहेत, अन आमच्याकडच्या धुळीत ते काम पुस्तकात लिहिलंय त्याच्या आधीच करावं, आमचा फिल्टर झटकला तर दुपारच्या उन्हात धुराळा उठला. स्पार्क प्लग पण केले, तीन सिलेंडर म्हणून तीनच प्लग, प्लगवरच्या कॉइलला (प्लगला करंट देणारा भाग) १० मिलिमीटरची गोटी अन प्लगला १६ ची लांब गोटी, जिच्यात आत रबर असतं आणि प्लग त्याला धरून वर येतो, ती सेटमध्ये आहे. इंजिन थंड पाहिजे, अन नवा प्लग बसवताना आटे आधी हातानेच धरू द्यायचे, पान्याने कसायचं ते सगळ्यात शेवटी, कारण इंजिनचं हेड, ज्यात प्लग बसतो, ते ॲल्युमिनियमचं असतं, तिथले आटे गेले तर प्लगच्या पैशात भागत नाही. १० ची गोटी इतकी लागते की घेतानाच एक जादा घेऊन ठेवा.

खरी परीक्षा ब्रेक पॅडला झाली. ब्रेक दाबला की पुढून कर्रर्र आवाज यायला लागला होता. व्हिडिओ बघितला, बारा मिनिटांचा, चाक काढा, कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणारी पकड) खालचा बोल्ट काढा, कॅलिपर वर उचला, जुने पॅड काढा नवे टाका. त्यात खोटं काहीच नव्हतं, पण त्या माणसाच्या गाडीचे बोल्ट स्वच्छ होते, आमच्या बोल्टांवर दहा-बारा वर्षांचा चिखल अन गंज. आम्हाला त्या कामाला दीड दिवस लागला आणि त्यातला निम्मा वेळ चाकातच गेला.

चाकाला चार नट, टायरवाल्याने हवेच्या गनने कसलेले. दोन सुटले. तिसऱ्याला १९ ची गोटी लावली, दोन्ही हातांनी जोर दिला, कट्ट आवाज आला, वाटलं सुटला, पण नट जागेवरच होता, गोटी त्याच्यावरून फिरली होती. गोटी काढून बघितलं तर नटाचे कोपरे घासून चांदीसारखे चमकायले अन खाली फरशीवर लोखंडाचा बारीक भुगा. छातीत धस्स झालं, कारण आता गाडी अशीच जॅकवर, चाक ना निघतं ना नीट बसतं.

हे का झालं ते नंतर कळलं आणि हेच सांगायला मी हा रिव्ह्यू लिहायलोय. या सेटमधल्या मोठ्या गोट्या आतून बारा कोनी आहेत. बारा कोनी गोटी नटाच्या कोपऱ्यालगतच धरते, सहा कोनी गोटीचा जोर नटाच्या सपाट बाजूवर येतो, म्हणून घट्ट बसलेल्या नटाला सहा कोनीच लागते. दुसरं म्हणजे हँडलची लांबी. माझ्या गाडीच्या पुस्तकात चाकाचा नट कसायला ८५ न्यूटन मीटर जोर दिलाय, म्हणजे एक मीटर लांब दांडीच्या टोकाला साधारण साडेआठ किलोचं वजन. सेटमधलं हँडल पाव मीटरचं, म्हणजे तिथं चौतीस किलो झाले, अन हे पुस्तकाप्रमाणे कसलेल्या नटाचं, गनने कसलेला अन गंजलेला असेल तर त्याच्या किती पुढं जाईल सांगता येत नाही. एवढा जोर वेडावाकडा लावला की गोटी सटकणारच. माझी ताकद कमी पडली नव्हती, दांडी आखूड होती.

शेवटी मेव्हणा बसस्टँडमागच्या गॅरेजवरून उस्तादांना घेऊन आला. त्यांनी सेटमधलीच १८ ची बारा कोनी गोटी घासलेल्या नटावर हातोडीनं ठोकून बसवली, तिला लांब टॉमी, म्हणजे गोटी फिरवायची दांडी, लावली, वर लोखंडी पाइप चढवला, अन आधी नट किंचित कसायच्या दिशेने दाबला. मी म्हणलं उस्ताद, उलटं चाललंय. ते म्हणले, "गुरुजी, पहिले थोडा कसो, जंग टूटता, फिर खोलो." आणि खरंच, एक बारीक कुर्र आवाज झाला अन पुढच्या झटक्यात नट सुटला. शंभर रुपये घेतले, ते पण मी खिशात कोंबले म्हणून. कॅलिपरचा बोल्ट काढायची रीत पण त्यांनीच सांगितली, रात्रभर गंज सोडवायचं तेल मारून ठेवायचं, सकाळी बोल्टाच्या डोक्यावर सरळ चार-पाच ठोके द्यायचे, मगच पाना लावायचा. सकाळी तो बोल्ट सेटच्याच हँडलने सुटला.

पुढं आणखी एक चूक झाली. नवे पॅड जाड असतात म्हणून कॅलिपरचा दट्ट्या आत दाबावा लागतो, अन तो दाबला की ब्रेक ऑइल मागं वरच्या डबीत येतं. डबी आधीच भरलेली होती, ऑइल उतू जाऊन फेंडरवर, म्हणजे चाकावरच्या रंगीत पत्र्यावर, आलं. ब्रेक ऑइल रंग खातं, पाण्याचा तांब्या जवळ होता म्हणून लगेच धुऊन काढलं. आधी थोडं ऑइल काढून घ्यायचं असतं. डबीचं झाकण पण उगाच उघडं ठेवू नका, हे ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. डॉट ३ या प्रकारचं कोरडं ब्रेक ऑइल किमान २०५ डिग्रीपर्यंत उकळत नाही, ओल पकडली की ती मर्यादा १४० पर्यंत खाली येते, अन मग घाटात ब्रेक तापले तर पेडल खाली जातं. पॅड टाकल्यावर गाडी हलवायच्या आधी पेडल कडक लागेपर्यंत दाबत राहायचं, हे विसरून चालणारच नाही, नाहीतर पहिला ब्रेक लागतच नाही.

जॅकबद्दल, कारण सेट घेताना याचा कुणी विचार करत नाही. जूनचा पहिला पाऊस होऊन गेला होता अन मी गाडी अंगणाच्या मातीच्या बाजूला उचलली. आपली काळी माती, वरून सुकलेली दिसते, खाली लोणी. जॅक एका बाजूने रुतला, गाडी तिरकी झाली अन खाली आली. काढलेलं चाक मी दाराखालच्या पट्टीखाली आडवं सरकवून ठेवलं होतं, गाडी त्याच्यावर टेकली अन कुणाला काही झालं नाही. तेव्हापासून फरशीवरच काम, उचललेली गाडी टेकवायला दोन जॅक स्टँड घेतलेत, अन नुस्त्या जॅकवर असलेल्या गाडीखाली मेव्हण्याला हात पण घालू देत नाही.

मॉडिफिकेशनचं थोडक्यात. मेव्हण्याला १०० वॅटचे हेडलाइट बल्ब टाकायचे होते. कंपनीचा बल्ब ६०/५५ वॅटचा, १२ व्होल्टला साधारण पाच अँपिअर ओढतो, १०० वॅटचा आठच्या वर, तेवढ्यात होल्डर वितळतो. रिले (बल्बचा करंट वेगळ्या वायरने देणारा स्विच) टाकून वायर वाचते, पण समोरून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याच्या डोळ्यांचं काय. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ गाडीत मनाने बदल करता येत नाहीत, २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलंय. मी नाही म्हणलो. पिवळ्या पडलेल्या काचा घासून पॉलिश केल्या, उजेडात लई फरक पडला.

तर सेट घ्यावा का? बॅटरी, प्लग, आतले स्क्रू, छोटे बोल्ट एवढंच करणार असाल तर घ्या, पैसे वसूल होतात, वर्षभरात छोट्या गोट्यांना अन हँडलला काही झालेलं नाही. पण १०८ मधले मी तीसेक वापरले असतील, बाकीचे तसेच कप्प्यात आहेत. चाकं, ब्रेक असल्या कामाला त्याच पैशात सुट्टं घेतलेलं बरं: सहा कोनी गोट्या मोजक्या पाच-सहा, अर्धा मीटर लांब टॉमी, दोन जॅक स्टँड, अन थोडे पैसे साठवून टॉर्क रेंच, तो ठरवलेल्या जोराला टक्क आवाज करतो अन तिथं थांबायचं. मी आता टायरवाल्याकडून आलो की घरी नट ढिले करून ८५ वर पुन्हा कसतो, म्हणजे रस्त्यात पंक्चर झालं तरी बायकोला पण ते उघडता येतात, तिने परवा अंगणात चारही काढून दाखवले.