मोदकाच्या खोक्यांसाठी आणलेली मेणाची पूड

वडाळ्याचा सासऱ्यांचा ऑफसेट प्रेस आता मी सांभाळते. गणपतीच्या तोंडावर मिठाईची खोकी हे आमचं मोठं काम. गेल्या वर्षी गर्द निळ्या सॉलिडची (म्हणजे एकाच रंगाच्या सलग भरीव छपाईची) खोकी टेम्पोने नाशिकला पाठवली, तर वाटेत घासून शेजारच्या खोक्यांच्या पांढऱ्या बाजूही निळ्या झाल्या. पावसाळी हवेत शाई आधीच उशिरा सुकते. निम्मा माल पदरचे पैसे घालून पुन्हा छापून दिला.

म्हणून यंदा मस्जिद बंदरहून शाईत मिसळायला एक किलो मायक्रोनाइज्ड पॉलिथिलीन वॅक्स, म्हणजे मेणाची अगदी बारीक पूड, आणलं. चिमटीत मैद्यासारखं वाटतं, पण जास्त सुळसुळीत. कण साधारण 6 ते 8 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). कागदावर ऑफसेट शाईचा थर जेमतेम 1-2 मायक्रॉनचा, त्यामुळे हे कण थरातून डोकं वर काढून राहतात आणि घासणं आधी तेच झेलतात. दुकानदाराने पीटीएफई (म्हणजे टेफ्लॉन) मिसळलेला प्रकारही दाखवला. तो जास्त निसरडा आणि बराच महाग. मला थप्पीतून घसरणारी खोकी नको होती, म्हणून साधंच घेतलं.

पूड नुसती पट्टीने शाईत ढवळू नका. आम्ही तेच केलं. तासाभरात ब्लँकेटवर, म्हणजे कागदावर शाई उतरवणाऱ्या मशीनच्या रबरी पत्र्यावर, खरखरीत थर साचला, सॉलिडमध्ये पांढरे ठिपके दिसू लागले. मशीनवरचे काका म्हणाले, "ताई, ही हाताने नाही फुटायची, रोल मिलवर घोटून आणा." रोल मिल म्हणजे रुळांमध्ये शाई घोटायचं यंत्र. शाईवाल्याकडून 2 टक्के प्रमाणात घोटून घेतली आणि मशीन सुरळीत चाललं.

मग सुकलेल्या शीटवर कोऱ्या कागदात गुंडाळलेलं किलोचं वजन शंभर वेळा फिरवलं. जुन्या शाईने विसाव्या फेरीलाच कागद निळा केला होता, या वेळी कडेला जेमतेम पुसटशी छटा आली. मला तर हातात धरलेला तो कागद ठेववेना.

चकाकी थोडी उतरते, हे गिऱ्हाइकाला आधी सांगावं. हौसेने 4 टक्के करून पाहिलं तेव्हा निळा मंद झालाच, वर पेस्टिंगची पट्टी, म्हणजे खोकं गोंदाने चिकटवतात तो भाग, सकाळपर्यंत उकललेली. मेणावर गोंद धरत नाही. 2 टक्क्यांनाही धोका नको, म्हणून छपाईच्या नव्या प्लेटमध्ये गोंदाची पट्टी कोरी सोडायला सांगितली आहे.