क्वांटम मटेरियल्स शिकायचंय: कोल्हापुरातून फिजिक्सची वाट धरावी की मेटॅलर्जीची?

बारावीचा निकाल लागला की ओळखीतले पालक मुलांना घेऊन घरी येतात. मी इथल्याच एका कॉलेजात फिजिक्स शिकलो आणि पुढे काही वर्षं प्रयोगशाळेत काढली, म्हणून. यंदा शिरोली एमआयडीसीत फाउंड्री, म्हणजे धातू ओतायचा कारखाना, चालवणारे एक स्नेही मुलीला घेऊन आले. मुलीला क्वांटम मटेरियल्स शिकायचंय. वडील म्हणाले, "मटेरियलच शिकायचं तर मेटॅलर्जी कर की. घरची भट्टी आहे, चार वर्षांत परत ये." मुलगी म्हणाली, "मला इलेक्ट्रॉन काय करतात ते शिकायचंय, बाबा. कास्टिंग नाही."

त्या संध्याकाळी दोघांशी जे बोललो तेच इथं सविस्तर लिहितोय. हा पेच त्या एका घरापुरता नाही.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. मराठीत फिजिक्सला पदार्थविज्ञान म्हणायची जुनी रीत आहे. आपल्या शिवाजी विद्यापीठातला पदार्थविज्ञान अधिविभाग म्हणजे फिजिक्सचा विभाग. मटेरियल्स सायन्सचं मराठी करायला गेलं तर तोंडात तोच शब्द येतो. त्यामुळे घरात "पदार्थविज्ञान करायचंय" म्हटलं की एकाला एक ऐकू येतं, दुसऱ्याला दुसरं. शिवाय बारावीनंतर लगेच 'क्वांटम मटेरियल्स' असं नाव छापलेली पदवी शोधत बसू नका. हा विषय फिजिक्स, रसायनशास्त्र आणि मटेरियल्स इंजिनिअरिंग यांच्या सीमेवरचा आहे. तिथं पोचायचं ते यांपैकी एखाद्या दारातूनच. ठरवायचं आहे ते दार.

एका काळ्या पेलेटची गोष्ट

तसं पाहिलं तर प्रत्येक पदार्थ क्वांटमच्या नियमांनीच बांधलेला आहे. पण लोखंडाच्या सळईत किंवा काचेत ते नियम आत दडून राहतात, रोजच्या वापरात त्यांची आठवण ठेवावी लागत नाही. काही पदार्थांत मात्र इलेक्ट्रॉन एकमेकांशी अशा मेळानं वागतात की तो परिणाम डोळ्यांना दिसतो, हाताला जाणवतो. अतिसंवाहक, म्हणजे सुपरकंडक्टर, हे त्याचं ठळक उदाहरण: पुरेसं थंड केलं की यांचा विद्युतरोध शून्य होतो आणि वर ठेवलेलं चुंबक तरंगतं. ग्राफीन, टोपोलॉजिकल इन्सुलेटर (आतून वीजरोधक, पृष्ठभागावर मात्र वीजवाहक) हीही याच घरातली भावंडं.

एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये आम्ही वायबीसीओ हा सुपरकंडक्टर बनवला होता. यिट्रियम ऑक्साइड, बेरियम कार्बोनेट आणि कॉपर ऑक्साइड अशा प्रमाणात घ्यायचं की यिट्रियम, बेरियम, तांबं १:२:३ पडेल. बेरियम कार्बोनेट विषारी, म्हणून तोंडाला मास्क. अकीकाच्या खलात तासन्‌तास घोटायचं, मफल फर्नेसमध्ये नऊशेच्या वर अंशाला भाजायचं, पुन्हा घोटायचं, प्रेसमध्ये दाबून रुपयाच्या नाण्याएवढी पेलेट, म्हणजे चकती, करायची, पुन्हा भट्टीत. पेलेट निघाली काळी कुळकुळीत. आम्हाला वाटलं, जमलं. लिक्विड नायट्रोजन आणला जनावरांच्या दवाखान्यातून. म्हशींच्या कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्यात ठेवतात, तोच उणे १९६ अंशाचा नायट्रोजन. थर्माकोलच्या कपात पेलेट ठेवली, वरून नायट्रोजन ओतला, उकळी शांत झाल्यावर चिमट्यानं छोटं चुंबक ठेवलं. चुंबक जिथं ठेवलं तिथंच पडून राहिलं.

भट्टी आम्ही फार लवकर उतरवली होती. या पदार्थाला थंड होताना ऑक्सिजन आत ओढून घ्यायला वेळ लागतो. तो वेळ दिला नाही तर पेलेट दिसायला तशीच काळी राहते, पण सुपरकंडक्टर होत नाही. मग तीच पेलेट ऑक्सिजनच्या झोतात तापवून पाचशे-साडेचारशे अंशांच्या टप्प्यात हळूहळू, रात्रभर उतरवली. दुसऱ्या दिवशी चुंबक पेलेटच्या वर तीन-चार मिलिमीटर अधांतरी उभं राहिलं. बोटानं टिचकी मारली तर तिथल्या तिथं फिरायला लागलं.

ही गोष्ट मी त्या मुलीला सांगितली, कारण तिच्या निवडीचं सगळं सार यात आहे. त्या पेलेटपाशी दोन प्रश्न उभे राहतात. पहिला: ऑक्सिजन आत का जातो, किती वेळात जातो, कोणत्या तापमानाला थांबतो? दुसरा: चुंबक तरंगतं का? पहिला प्रश्न मटेरियल्सवाल्याचा, दुसरा फिजिक्सवाल्याचा. आणि या दुसऱ्या प्रश्नाच्या मुळाशी, म्हणजे या जातीच्या पदार्थांत इलेक्ट्रॉनांच्या जोड्या नेमक्या कशामुळे जुळतात याला, आजही सर्वमान्य उत्तर मिळालेलं नाही.

या कुळातला पहिला पदार्थ १९८६ साली बेडनॉर्ट्झ आणि म्युलर यांनी शोधला. म्युलर भौतिकशास्त्रज्ञ, बेडनॉर्ट्झ स्फटिकशास्त्र शिकलेले. पुढच्याच वर्षी दोघांना मिळून नोबेल मिळालं. वायबीसीओ आला १९८७ मध्ये. तो ९३ केल्विनच्या खाली सुपरकंडक्टर होतो, तर नायट्रोजन उकळतो ७७ केल्विनला, म्हणजे त्याच उणे १९६ अंश सेल्सिअसला. म्हणून तर म्हशीच्या दवाखान्यातला नायट्रोजन आम्हाला पुरला. १९११ साली कामरलिंग ओनेस यांनी पहिल्यांदा पाऱ्यात सुपरकंडक्टिव्हिटी पाहिली ती ४.२ केल्विनच्या आसपास, त्यासाठी द्रव हेलियम लागला होता.

दोन्ही वाटांवर नेमकं काय शिकवतात

फिजिक्सच्या वाटेवर गणित भरपूर आहे आणि ते टाळता येत नाही. लिनिअर अल्जिब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स, कॉम्प्लेक्स अॅनालिसिस. त्यावर क्वांटम मेकॅनिक्स, स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स, सॉलिड स्टेट. खरं क्वांटम मटेरियल तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या आधी भेटत नाही. पहिली दोन वर्षं मुलांना वाटतं, आपण उतरत्या पाटावरचे ठोकळे आणि पेंडुलम यांतच अडकलो. तिथं धीर सुटतो. ज्याला गणिताची गणितासाठी गोडी आहे त्यालाच हा काळ सोपा जातो.

मेटॅलर्जी किंवा मटेरियल्स इंजिनिअरिंगमध्ये थर्मोडायनॅमिक्स, फेज डायग्राम, डिफ्यूजन, क्ष-किरणांनी रचना ओळखणं, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप हे खोलवर शिकवतात. पदार्थ बनवायचा कसा आणि बनलेला ओळखायचा कसा, यात इथला विद्यार्थी फिजिक्सवाल्याच्या पुढे असतो. पण क्वांटम मेकॅनिक्स या पदवीत फार थोडं येतं. पुढे क्वांटमकडे वळायचं तर ते स्वतः बसून किंवा मायनर, म्हणजे पदवीसोबतचा जोडविषय, घेऊन भरून काढावं लागतं. एआयसीटीईनं, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेनं, इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी क्वांटम टेक्नॉलॉजीजच्या मायनरचा अभ्यासक्रम तयार केला आहे. आपण पाहतोय त्या कॉलेजात तो खरंच सुरू आहे का, हे विचारून घ्या.

वडिलांच्या बाजूनं एक गोष्ट मात्र मी ठासून सांगितली. फाउंड्रीच्या लॅबमध्ये ग्रे आयर्नचा तुकडा एमरी पेपरवर घासून, कापडावर पॉलिश करून मायक्रोस्कोपखाली धरला की ग्राफाइटच्या काळ्या पाकळ्या दिसतात. वितळलेल्या लोखंडात मॅग्नेशियम टाकलं की पाकळ्यांऐवजी ग्राफाइटचे गोळे होतात, ते एसजी आयर्न. त्या ग्राफाइटचा एकच अणूएवढा थर सोडवला की ते ग्राफीन. २००४ मध्ये गाइम आणि नोव्होसेलोव यांनी तो चिकटपट्टीनं सोडवला, २०१० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आणि असे दोन थर १.१ अंशानं तिरपे एकमेकांवर ठेवले तर अतिथंड तापमानाला ते सुपरकंडक्टर होतात, हे २०१८ मध्ये दिसलं. शिरोलीतला कार्बन आणि क्वांटम मटेरियलमधला कार्बन एकच. त्या मुलीनं लहानपणापासून जे पाहिलंय ते या विषयात वाया जाणार नाही.

मटेरियल्सची दृष्टी किती मोलाची असते, हे २०२३ च्या जुलैत सगळ्या जगानं पाहिलं. दक्षिण कोरियातून दावा आला की एलके-९९ नावाचा पदार्थ नेहमीच्या तापमानाला सुपरकंडक्टर आहे. ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांनी, आपल्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेनंही, तो बनवून पाहिला. दावा टिकला नाही. विद्युतरोध एकाएकी उतरला होता तो नमुन्यात मिसळलेल्या कॉपर सल्फाइडमुळे. ते शंभर अंश सेल्सिअसच्या थोडं वर तापमानाला आपली स्फटिकरचना बदलतं. अशुद्धी ओळखणारा माणूस शेजारी नसेल तर नुसतं फिजिक्स येणारा फसतो.

कोल्हापुरातून कुठं कुठं जाता येतं

फिजिक्ससाठी जवळची मोठी संस्था म्हणजे पुण्याची आयसर, केंद्राची विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था. २००६ मध्ये सुरू झाली, बारावीनंतर पाच वर्षांचं बीएस-एमएस. प्रवेश आयएटी या आयसरच्याच प्रवेश परीक्षेतून. इथं एक इशारा: या परीक्षेत भौतिक, रसायन, गणित आणि जीवशास्त्र असे चारही विषय येतात. अकरावीला जीवशास्त्र सोडलेल्या मुलांना हे फॉर्म भरताना कळतं आणि मग धावपळ होते. भुवनेश्वरचं नायसर आणि मुंबईचं सीईबीएस या अशाच मूलभूत विज्ञानाच्या संस्थांसाठी नेस्ट परीक्षा आहे. पाच वर्षांच्या अशा कोर्सचा मोठा फायदा म्हणजे शेवटचं वर्ष बहुतांशी संशोधनाचं असतं. मुलगी पंचवीस जणांच्या रांगेत उभी न राहता स्वतः यंत्रावर बसते.

जेईई अॅडव्हान्स्डमध्ये नंबर चांगला आला तर आयआयटी मुंबईचं इंजिनिअरिंग फिजिक्स बघा. फिजिक्सचा पाया आणि बीटेकची पदवी दोन्ही मिळते. याहून चांगला मेळ मला माहीत नाही, पण तिथला नंबर लागणं सोपं नाही. मेटॅलर्जीसाठी आयआयटी मुंबई, जेईई मेनमधून नागपूरचं व्हीएनआयटी आणि एमएचटी-सीईटीतून पुण्याचं सीओईपी हे आपल्या राज्यातले भरवशाचे पर्याय.

आता गावातलं. इथल्या कॉलेजातली फिजिक्सची बीएस्सी बरेच पालक हलकी समजतात. मला हे पटत नाही. घरचं जेवण, थोडी फी आणि हाताशी वेळ. त्या वेळाचं काय करता यावर सगळं अवलंबून. बीएस्सीनंतर जॅम या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून आयआयटीत एमएस्सीला किंवा बेंगळुरूच्या आयआयएस्सीत इंटिग्रेटेड पीएचडीला जाता येतं. फक्त पहिल्या वर्षापासून गाइडवर न जगता मूळ पुस्तकांतली गणितं सोडवायची, तरच. दुसरं म्हणजे शिवाजी विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान अधिविभागाची पातळ थरांवरच्या, म्हणजे थिन फिल्म्सवरच्या संशोधनात जुनी परंपरा आहे: सौरघट, सुपरकपॅसिटर, गॅस सेन्सर. ते काटेकोर अर्थानं क्वांटम मटेरियल्स नाहीत, पण पदार्थ हातानं बनवून तपासायची शिस्त तीच. विद्यापीठातच नॅनोसायन्सचा बारावीनंतरचा सलग पाच वर्षांचा कोर्सही आहे. प्रयोगाची आवड असलेल्या मुलांना तो मानवतो. क्वांटमच्या सिद्धान्तात शिरायचं असेल तर त्यासोबत गणित वेगळं करावं लागेल.

पैशाचं थोडक्यात. बारावीत बोर्डाच्या पहिल्या एक टक्क्यात असाल आणि मूलभूत विज्ञान घेतलंत तर केंद्राची इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ८०,००० रुपये. ती गावातल्या बीएस्सीलाही मिळते, इंजिनिअरिंगला नाही. फिजिक्सची वाट मात्र लांब आहे: पाच वर्षं, त्यावर पीएचडीची पाच-सहा. त्या काळात सुरुवातीला जेआरएफचे, म्हणजे संशोधन शिष्यवृत्तीचे, महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं मिळतं. मेटॅलर्जीवाली तोवर नोकरीत किंवा घरच्या फाउंड्रीत स्थिरावलेली असते. घरात कर्ज असेल, धाकटं भावंड शिकत असेल, तर हा फरक मोठा आहे आणि तो मुलीसमोर मोकळेपणानं मांडावा.

राष्ट्रीय क्वांटम मिशनबद्दल हमखास विचारतात. एप्रिल २०२३ मध्ये ते मंजूर झालं, ६,००३.६५ कोटींचं. क्वांटम मटेरियल्स आणि डिव्हाइसेसचं केंद्र आयआयटी दिल्लीला आहे. पण त्याची मुदत २०३०-३१ पर्यंत. आज प्रवेश घेणारी मुलगी एमएस्सी होईल तेव्हा ती संपत आलेली असेल. केवळ त्या आकड्याकडे बघून विषय निवडू नका.

माझं मत

तरंगणाऱ्या चुंबकापाशी जिची झोप उडते, आणि जिला न सुटलेलं गणित दोन दिवस डोक्यात घेऊन फिरायला आवडतं, तिनं फिजिक्स घ्यावं. आयसर मिळालं तर आयसर, नाहीतर गावातली बीएस्सी आणि जॅम. जिचं लक्ष पुन्हा पुन्हा भट्टीकडे जातं, पेलेट का बिघडली हे शोधण्यात जिला खरा आनंद आहे, तिनं मेटॅलर्जी घ्यावी. गेट ही इंजिनिअरिंगनंतरची प्रवेश परीक्षा देऊन ती पुढे क्वांटम मटेरियल्सच्या प्रयोगशाळेत जाऊ शकते आणि तिथं तिची गरज असतेच. सिद्धान्तात जायचं असेल तर मात्र मेटॅलर्जीतून परत फिरणं फार जड जातं. फिजिक्सकडून मटेरियल्सकडे वळणं त्या मानानं सोपं. म्हणून मनात खरंच निम्मं-निम्मं असेल तर मी फिजिक्सकडे झुकेन. त्या मुलीलाही तेच सांगितलं, वडिलांसमोर.

कॉलेज बघायला जाल तेव्हा प्रॉस्पेक्टस बाजूला ठेवून लॅब दाखवा म्हणावं. तिथं मफल फर्नेसजवळ एक लॉगबुक लटकवलेलं असतं: तारीख, तापमान, किती तास, कोणाचा नमुना, कोणाची सही. ते उघडून बघा. सगळ्या सह्या पीएचडीवाल्यांच्याच आहेत, की दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांच्याही आहेत?