शिनदेन की होर्टन: आधी कोणतं बनवायचं?

प्लास्टिकच्या किटमधून मॉडेल बनवायला दोन लढाऊ विमानं: दोन्ही दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटची, दोन्ही फक्त प्रोटोटाइपवर थांबलेली, आणि दोन्ही दिसायला एकदम भन्नाट. जपानचं जे7डब्ल्यू1 शिनदेन म्हणजे इंजिन मागे, सहा पात्यांचा प्रोपेलर पण मागेच, आणि छोटे पंख नाकाजवळ. जर्मनीचं होर्टन हो 229 म्हणजे नुसता पंखच, शेपूट नाहीच.

बांधायला मला शिनदेन सोपं वाटतं, पण इंजिन मागे असल्यामुळे मॉडेल मागे बसतं, त्यामुळे बॉडी चिकटवायच्या आधीच नाकात शिशाचे छर्रे कोंबून घ्या, नंतर काही करता येत नाही. उभ्या शेपट्यांखालची बारकी चाकं विसरू नका हां, खऱ्या विमानाचा प्रोपेलर पहिल्याच चाचणीत जमिनीला घासला म्हणून ती नंतर बसवली होती. रंग तर सरळच, वर गडद हिरवा आणि खाली राखाडी, ब्रशनेही जमतो.

होर्टनमध्ये मजा आत आहे. झौकेई-मुरा या जपानी कंपनीच्या 1/32 (खऱ्याच्या बत्तिसाव्या हिश्श्याच्या) किटमध्ये नळ्यांचा सांगाडा आणि दोन युमो 004 जेट इंजिनं मिळतात, पण ती रंगवण्यातच जीव जातो, आणि पंखाचा जोड लपवायला पुटी (भेगा भरायची लुगदी), सँडपेपर, परत पुटी असं चालूच राहतं. वरून एवढा मोठा सपाट भाग की ब्रशचे फराटे लगेच दिसतात, म्हणजे एअरब्रश (हवेने रंग फवारायचं यंत्र) हवाच. रंगसंगतीत मात्र मोकळीक, कारण वाचलेलं व्ही3, म्हणजे तिसरं प्रोटोटाइप, अर्धवटच राहिलेलं, त्यामुळे कुणी चुका काढत बसत नाही.

एअरब्रश नसेल तर शिनदेनच घ्या, डोळे झाकून.