एसएमएस की आरसीएस: कुठला निरोप कशाने पाठवावा

रोजच्या गप्पा, फोटो आणि ग्रुपसाठी आरसीएस, म्हणजे फोनच्या मेसेज अ‍ॅपमधली इंटरनेटवरून चालणारी नवी संदेश-पद्धत, सुरू ठेवावं. नेट नसतानाही पोचायलाच हवा, तो निरोप एसएमएसने धाडावा. एसएमएसला डेटा लागत नाही, मोबाइलला रेंज असली की पुरतं, आणि हा त्याचा गुण आजही मोठा आहे.

पण मराठीत लिहिणाऱ्याला एसएमएस फार तोकडा पडतो. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. रोमन लिपीत त्यात १६० अक्षरं बसतात, देवनागरीत फक्त ७०. त्यातही काना, मात्रा, पाय मोडल्याची खूण हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. ‘नमस्कार’ दिसायला चार अक्षरांचा, मोजायला सात. सत्तरच्या पुढे गेलं की संदेशाचे ६७-६७चे तुकडे पडतात, कारण तुकडे जोडण्याची माहितीही त्याच जागेत बसवावी लागते. जिथे एसएमएसमागे पैसे पडतात, तिथे प्रत्येक तुकड्याचे वेगळे. रोमन मजकुरात एक इमोजी घातली तरी अख्खा संदेश सत्तरच्या हिशेबात जातो.

आरसीएस डेटा किंवा वायफायवरून जातं, त्यामुळे हा जाच नाही. फोटो एमएमएससारखा (एसएमएसच्या जोडीची फोटो पाठवण्याची जुनी सोय) चुरगळून जात नाही, संदेश वाचल्याची खूणही मिळते. आयफोनवर ते २०२४ मध्ये आयओएस १८पासून आलं, मात्र मोबाइल कंपनीनेही ते दिलेलं असावं लागतं. आयफोनवर एसएमएस आणि आरसीएस दोन्हींच्या संदेशाचा फुगा हिरवाच, म्हणून रंगावर जाऊ नये. लिहिण्याच्या चौकटीत ‘आरसीएस’ दिसतं का ते पाहावं.

गुप्ततेत एसएमएस कच्चाच: मोबाइल कंपनीच्या यंत्रणेत मजकूर उघडा असतो. गूगल मेसेजेस हे अँड्रॉइडवरचं मेसेज अ‍ॅप वापरणाऱ्या दोघांचं आरसीएस चालू असेल तर एंड-टू-एंड एन्क्रिप्शन (मजकूर फक्त पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाच वाचता येतो) आपोआप लागतं आणि पाठवायच्या बटणावर छोटं कुलूप दिसतं. अँड्रॉइड आणि आयफोन यांच्यामधल्या एन्क्रिप्शनची सोय आरसीएसच्या मानकात २०२५ मध्ये आली, पण दोन्ही टोकांना ती सुरू असल्याशिवाय उपयोग नाही. कुलूप दिसत नसेल तर पासवर्ड, खातेक्रमांक लिहूच नये. आरसीएस जात नसेल तेव्हा एसएमएसने पाठवण्याची सेटिंग चालू असली, तर तो संदेश कुलपाविना जातो, हेही ध्यानात ठेवावं.

सुरू करायला गूगल मेसेजेसमध्ये प्रोफाइल चित्र, मेसेजेस सेटिंग्ज, आरसीएस चॅट्स असं जावं. आयफोनवर सेटिंग्ज, अ‍ॅप्स, मेसेजेस. नंबरची पडताळणी अडकली तर आधी त्या सिमवरून एसएमएस जातो-येतो का ते तपासावं, कारण पडताळणी बहुधा एसएमएसनेच होते.

सर्वांत जास्त घोळ होतो फोन बदलताना. सिम काढलं तरी जुन्या फोनवरचं आरसीएस काही दिवस चालू राहू शकतं, आणि संदेश तिकडेच जात राहतात. सिम काढण्याआधी जुन्या फोनवर आरसीएस बंद करावं. फोन हातचा गेलाच असेल, तर गूगलच्या आरसीएस बंद करण्याच्या वेबपानावर नंबर द्यावा आणि एसएमएसने आलेला कोड तिथे भरावा.