मिरजकर तिकटीवरचे आमचे रिक्षामामा

माझा पाचवीतला मुलगा दीड वर्षापासून यांच्या रिक्षानं कोल्हापुरात मंगळवार पेठेतून राजारामपुरीला शाळेत जातो. महिना १,१०० रुपये. पाचच मुलं घेतात, सहावं कितीही गळ घातली तरी नाही. दिवाळीच्या सुट्टीचे पैसेही पूर्ण घेतात, ते मला पटलेलं नाही.

पण लिहायचं कारण वेगळं आहे. ऑगस्टमध्ये मामांनी मला दारात थांबवलं. "वैनी, आधी ह्याला ग्राउंडवरनं हाका मारून आणायला लागायचं. आता घंटा व्हायच्या आत पोरगं गेटला उभं असतंय. आणि बाटली रोज भरलेलीच. बाकीची पोरं येताना ह्याच्याच बाटलीतलं पाणी पितात. काहीतरी हाय बघा."

मला एकदम आठवलं, घरी आला की दप्तर न टाकताच तो बाथरूमकडे पळायचा. सोमवारी पोट दुखायचं, मी ओवा द्यायचे. दोन महिन्यांत दोन कंपास हरवले म्हणून रागावलेही होते.

रात्री भाकरी थापताना सहज विचारलं, "शाळेत पाणी का पीत नाहीस रे?" तो ओट्यावरचं पीठ बोटानं ओढत राहिला. मग म्हणाला, "प्यायलं की बाथरूमला जायला लागतं." सातवीतली दोन मुलं बाहेरून दार धरून ठेवायची. मधली सुट्टी संपेपर्यंत. कंपासही त्यांनीच घेतले होते.

शाळेचं नाव लिहीत नाही. वर्गशिक्षिका आधी म्हणाल्या, मुलं मस्ती करतातच. मस्ती असती तर एखाद्या दिवशी माझ्या मुलानंही दार धरलं असतं! मुख्याध्यापकांना लेखी अर्ज दिला, मुलांच्या सुरक्षेसाठी शाळेत असते त्या सखी सावित्री समितीत कोण कोण आहे तेही लेखी विचारलं, तेव्हा हालचाल झाली. आता मधल्या सुट्टीत मावशी तिथं उभ्या असतात, त्या दोघांच्या पालकांनाही बोलावलं होतं.

मामांनी रिक्षात मुलांच्या नजरेसमोर १०९८ हा नंबर रंगवून घेतलाय. अडचणीतल्या मुलांसाठीचा मदतीचा, मोफत, चोवीस तास चालणारा. मुलं तो पाढ्यासारखा म्हणतात.

मुलगा अजून पूर्ण मोकळा झालेला नाही. बाटली मात्र अर्धी रिकामी येते, आणि मामा ते मला रोज न चुकता सांगतात.

सध्या एक जागा रिकामी आहे. सकाळी साडेसहाला मामा तिकटीच्या स्टॉपवर भेटतात.