डिंगलिंगचं भुयार: खजिना नाही, दारं बघायला जा

पुण्याहून बीजिंगला जाणार असाल आणि सहलीच्या पत्रकात नुसतं ‘मिंग थडगी’ लिहिलेलं असेल, तर पैसे भरण्याआधी कुठलं थडगं ते विचारून घ्या. तिथे मिंग घराण्यातल्या १३ सम्राटांची थडगी आहेत, पण खाली उतरता येतं ते फक्त डिंगलिंगमध्ये. चांगलिंग या दुसऱ्या थडग्याचा लाकडी महाल देखणाच आहे. त्याचं भुयार मात्र कधी उघडलेलंच नाही.

डिंगलिंग वानली सम्राटाचं. त्याने १५७२ ते १६२० राज्य केलं, पण स्वतःचं थडगं १५८४ मध्येच, विशी ओलांडताच बांधायला घेतलं. ते २७ मीटर खोल आहे. आपल्या जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वरासारखं हे कातळात कोरलेलं नाही. खड्डा खणून दगडी कमानी बांधल्या आणि वर माती भरली. पाच दालनं आहेत, आत एकही तुळई नाही.

वाट उलटी आहे, हे आधीच लक्षात ठेवा. बाजूच्या दालनातून शिरून आपण आधी शवपेट्यांपाशी पोचतो आणि मुख्य दारं शेवटी येतात. तोवर सगळे बाहेर पडायच्या घाईत असतात. तिथेच थांबायचं. प्रत्येक फळी अखंड संगमरवराची, सुमारे चार टनांची. बिजागरीकडची कड जाड आणि मोकळी कड पातळ, त्यामुळे वजन खुंटाजवळ राहतं आणि एवढं धूड वळतं. फळीच्या मागच्या बाजूला कोरलेला उंचवटा नीट बघा. आत एक दगडी टेकू तिरका उभा केलेला असे. बाहेरून दार ओढलं की तो घसरून या उंचवट्याखाली अडके आणि दार आतून बंद होई. १९५७ मध्ये उत्खनन करणाऱ्यांनी फटीतून लोखंडी आकडा सारून तो टेकू सरळ केला, तेव्हा दार उघडलं.

मधल्या दालनात तीन दगडी सिंहासनं आणि त्यांपुढे तेलाचे निळे-पांढरे रांजण आहेत. ‘अखंड’ दिवा हवा संपल्यावर विझला. लोक इथे नोटा टाकतात. तुम्ही टाकू नका. मागच्या दालनातल्या लाल शवपेट्या नकली आहेत. मूळच्या फेकून दिल्या गेल्या आणि १९६६ मध्ये अस्थीही जाळल्या. रेशमी वस्त्रं बाहेर काढल्यावर ठिसूळ होऊन गेली. सम्राटांची थडगी स्वतःहून न उघडण्याचं चीनचं धोरण या हानीतूनच आलं. हे ठाऊक नसेल तर ‘आत काहीच नाही’ म्हणत परतावं लागतं, आणि त्याचं फार वाईट वाटतं.

ग्रेट वॉलच्याच दिवशी हे उरकू नका. भिंत चढून आलेल्या गुडघ्यांना इथल्या पायऱ्या जड जातात. दीड तास तरी हाताशी ठेवा. पासपोर्ट जवळ असू द्या आणि उन्हाळ्यातही पातळ जॅकेट घ्या, खाली गारठा असतो. शाकाहारी असाल तर दशम्या, चटणी बरोबर न्या. राणीचा मोत्या-माणकांचा मुकुट बघायचा असेल तर तो इथे नाही, थिआनआनमेन चौकातल्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्यासाठी वेगळा अर्धा दिवस काढा.